शेठचं ऊन

काचपेटीतल्या तापमापीवर बेचाळीस डिग्री झाले होते आणि शेठ तोंड वासून कोपऱ्यात पडला होता.

रात्रपाळीहून येऊन झोपलेला माणूस सकाळी दहाला पाणी प्यायला उठला, तेव्हा त्याला हे दिसलं. शेठ म्हणजे पाळलेली पाल, पिवळी, ठिपक्यांची. जाड शेपटी, बसून राहायची सवय आणि जेवणाचे नखरे, म्हणून शेठ. मालकीण बारा वर्षांची. तिच्या आईशी या माणसाचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत मुलगी त्याला बाबा म्हणाली नव्हती, काकाही नाही. काही सांगायचंच झालं तर भिंतीकडे बघून सांगायची. काल मात्र चक्क त्याच्याकडे बघून म्हणाली, पेटीची काच पुसाल का. नवी नोकरी लागल्यासारखी त्याने ती पुसली होती.

आणि आता हे. पेटीतला दिवा सकाळी सातला आपोआप लागायचा आणि बत्तीसच्या वर गेलं की थर्मोस्टॅट त्याला आवरायचा. आज दिवा नुसता पेटून राहिला होता. थर्मोस्टॅटला पेटीतली ऊब सांगणारी वायर, टोकाला मण्याएवढा सेन्सर असलेली, बाहेर त्याच्या दिवाणाजवळ फरशीवर पडली होती. थर्मोस्टॅटच्या पडद्यावर आकडा होता एकोणीस, फरशीचा. थर्मोस्टॅट बिचारा तीन तास फरशी तापवत बसला होता.

काल पुसताना आपणच ती काढली. आपणच बाहेर विसरलो. दुसरं कोण?

त्याने प्लग उपटला. रात्रभर तो कोल्ड स्टोरेजमध्ये मासळीच्या पेट्या रचायचा, उणे अठरात. तापलेल्याला एकदम गारठा दिला तर ते हातचं जातं, एवढं त्याला कळत होतं, म्हणून बर्फाकडे गेलेला हात मागे आला. कोमट पाण्यात फडकं भिजवून पिळलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पाल हातात घेतली. एरवी भिंतीवर दिसली तरी खोली सोडणारा माणूस. आज किळस यायला सवडच नव्हती. जनावरांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, करताय ते बरोबर आहे, आता वाट बघा.

त्याने चार तास वाट बघितली. शेठची कूस हलतेय की आपल्याला भास होतोय, हेच कळेना. मुलीचा बाप गेला त्याच महिन्यात हा शेठ घरात आला होता. शेठ गेला तर या घरात आपण जन्मभर पाहुणे, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तो घाबरला होता, आणि एवढ्याशा पोरीला घाबरतोय याची त्याला लाजही वाटत नव्हती.

दोन वाजता शेठने तोंड मिटलं. सव्वादोनला जीभ काढून नाक चाटलं आणि आपल्या पायांनी चालत गार बाजूच्या कपारीत गेला. माणूस फरशीवर बसून रडला. मग त्याने सेन्सर पेटीत जागेवर लावला, दिवा चालू केला. सगळं जिथल्या तिथे झालं. गप्प बसलं तर कोणाला कळणारही नव्हतं.

अडीचला दार उघडलं. मुलगी धापा टाकत आत आली, पण पेटीकडे गेली नाही. रिकाम्या दिवाणापाशी जाऊन थबकली, दुलई उचलून बघितली, आणि मग तिला तो दिसला. ती एकटक बघतच राहिली.

"माझ्या हातून चूक झाली," तो म्हणाला. "काल काच पुसताना वायर बाहेर राहिली. शेठ मरता मरता वाचला."

तिने वळून पेटीकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला. तिने काचेला कपाळ टेकलं.

"तुम्ही नाही. वायर मी काढली, सकाळी. तुम्ही झोपेत कुडकुडत होतात, म्हणून सेन्सर तुमच्या मुठीत दिला. मग माझी दुलई तुमच्यावर घातली आणि तेवढ्यात शाळेची बस आली."

तिला हुंदका आवरेना.

"शेठला बाविसाच्या खाली जाऊ द्यायचं नसतं, तो मरतो. तुम्ही एकवीस होतात."