आर्विदच्या अंगणातली वायर

आजही वायर लावलेलीच होती. ओस्तापने स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुर्बीण नीट धरली. पलीकडे शेजारच्या आर्विद सांडविकच्या जुन्या ट्रॅक्टरच्या नाकातून नारिंगी वायर निघाली होती आणि खांबावरच्या प्लगमध्ये गेली होती. म्हणजे थंडीत इंजिन गोठू नये म्हणून लावतात तो हीटर चालू. म्हणजे इंजिन गरम. म्हणजे म्हातारा कुठंतरी निघायच्या तयारीत.

"पण जाणार कुठं?" ओस्ताप म्हणाला. "गाई तर त्यानं हिवाळ्याआधीच विकल्या. ट्रॅक्टरला काम काय?"

"तू आधी बोर्श्ट खा, निवतंय." त्याच्या बायकोला, हालियाला, नववा महिना लागला होता, खुर्ची ओढतानाही तिला दम लागे. "त्याची वायर, त्याचं बिल. पोटात दुखायचंच असेल तर माझ्या दुखेल. तुझ्या कशाला?"

पण बिल हाच तर मुद्दा होता. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या भागात आर्विदसारखा चिक्कू दुसरा नव्हता. चमडी गेली तरी दमडी सुटायची नाही. चर्चमध्ये कॉफी फुकट मिळते म्हणून घरी चूल पेटवायचा नाही, असं लोक म्हणत. बायको सोल्वेग आणि तान्हं मूल कधीच्या काळी एकाच हिवाळ्यात गेली, तर दोघांत मिळून थडग्याचा दगडही एकच. असा माणूस महिनाभर रात्रंदिवस हीटर जाळत ठेवतो? कुठंतरी पाणी मुरत होतं.

कुठं, तेही ओस्तापला ठाऊक होतं. उन्हाळा कोरडा गेला होता आणि गवताला सोन्याचा भाव आला होता. ओस्तापच्या गवताचे गोल गठ्ठे शेताच्या टोकाला, नेमके आर्विदच्या कुंपणालगत रचलेले होते. बांधावरच्या चरातल्या पाण्यावरून दोघांचं वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. एका बर्फाळ रात्री म्हातारा गरम ट्रॅक्टर काढणार, गठ्ठे उचलणार, आणि सकाळी चाकांच्या खुणासुद्धा उरणार नाहीत.

रेडिओवर वादळाची सूचना आली तेव्हा ओस्तापने आपला ट्रॅक्टर अंगणातून काढला आणि गठ्ठ्यांसमोर नेऊन आडवा उभा केला.

"तिथं प्लग कुठाय?" हालियाने विचारलं. "उणे चाळीस होणार म्हणतात. तेलाचा गूळ होईल."

"होऊ दे. चोराच्या वाटेत उभा राहिला तरी पुरे."

"धन्य आहे तुझी."

वादळ दोन दिवस घोंगावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं, आणि थंडी अशी की श्वास ओढताना नाकातले केस कडक व्हावेत. ओस्तापने आधी दुर्बीण घेतली. गठ्ठे जागच्या जागी होते. तो स्वतःवर खूश झाला.

"ओस्ताप," हालिया म्हणाली. ती टेबलाची कड धरून उभी होती, आणि पायाखालची फरशी ओली झाली होती. "गाडी काढ."

गाडी प्लगला लावलेली होती, ती लगेच सुरू झाली. पण फाटकापुढे रस्ताच नव्हता. कंबरेएवढा बर्फ साचला होता. अँब्युलन्सवाले फोनवर म्हणाले, डांबरी रस्त्यापर्यंत येऊ, त्याच्या आत येता येणार नाही. बर्फ हटवणारी सरकारी गाडी दुपारनंतर यायची होती.

ओस्ताप बर्फ तुडवत, पडत-धडपडत ट्रॅक्टरपाशी पोचला. किल्ली फिरवली. इंजिन एकदा कण्हलं. पुन्हा फिरवली, तर तेवढंही नाही. ज्या दिवसासाठी ट्रॅक्टर हाताशी हवा होता त्याच दिवशी तो गवताची राखण करत थिजून उभा होता, आणि तिथं नेणारा ओस्तापच होता. त्याला रडू यायचं बाकी राहिलं.

तो परत आला तेव्हा हालियाने त्याच्यापुढे फोन धरला.

"लाव त्याला."

"कुणाला? त्या..."

"मान नंतर सांभाळ. लाव!"

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"आर्विद, मी ओस्ताप बोलतोय..."

"कळा सुरू झाल्या का?"

"हो," तो म्हणाला.

"निघालो."

म्हातारा खरंच निघाला. पुढचं लोखंडी पातं खाली टाकून, बर्फ दोन्ही बाजूंना उडवत, कुंपणाच्या तारांची पर्वा न करता तो सरळ आला आणि न थांबता रस्त्याला लागला. त्याच्या मागोमाग, त्यानं उघडलेल्या वाटेनं ओस्तापने गाडी घातली. हालिया मागच्या सीटवर दात आवळून पडली होती. डांबरी रस्त्यावर अँब्युलन्स उभी होती. तिला आत घेतलं, तेव्हा कुठं ओस्तापच्या जिवात जीव आला.

आर्विद ट्रॅक्टरवरून उतरला होता. त्याच्या भुवयांवर बर्फ धरला होता. त्याच्याकडे बघायची ओस्तापला लाज वाटली.

"आर्विद, मला वाटलं होतं, तुमचा डोळा माझ्या गवतावर..."

"माहीत आहे. ट्रॅक्टर आडवा लावलास तेव्हाच कळलं. तिथं प्लग नाही, हेही कळलं."

"पण तुमची वायर तर महिनाभर..."

"तुझ्या गाडीच्या टपावर पाळणा बांधलेला दिसला, त्या दिवशी लावली."

"रात्रंदिवस?" ओस्तापच्या तोंडून निघून गेलं. "इतकं बिल?"

म्हाताऱ्याने हातमोज्याने नाक पुसलं आणि अँब्युलन्सच्या दाराकडे बोट केलं. "चढ आधी, पोरा. ती वाट बघतेय."

ओस्तापने पायरीवर पाय ठेवला.

"सोल्वेगच्या वेळी मी वायर काढून ठेवली होती," मागून आर्विद म्हणाला. "बिल वाचावं म्हणून."