दुडक्या चालीचा घोडा

फळ्यांच्या भिंतीतलं भोक थोरल्याने कालच मातीने बुजवलं होतं. सकाळी ते पुन्हा उघडं होतं.

भिंतीपलीकडे धाकट्या भावाची कार्यशाळा होती. वडील गेल्यावर एका शेडच्या दोन झाल्या, भावांनी बोलणं टाकलं. घोडे घडवायचं वेड मात्र दोघांचंही सुटलं नाही.

"चोर लेकाचा," थोरला दातओठ खात बायकोला म्हणाला. "भोकातून माझे घोडे बघतो आणि तेच करून मोठा होतो."

"अहो, भाऊजींचा एखादा घोडा जवळून बघा तरी. लोक का नावाजतात ते कळेल."

"माझंच काम मी काय बघायचं?"

"मग तबेल्यात तरी जाऊन या. ते रोज पहाटे जातात."

"शेण हुंगायला जातो तो. घोडा माझ्या बोटांत आहे."

चौकातल्या पुतळ्यासाठी दोघांचेही नमुने जायचे होते. धाकट्याचा निवडला गेला, तर थोरल्याला रोज त्याच्याखालून जावं लागणार होतं. ते त्याला मरणाहून वाईट वाटत होतं.

दुडक्या चालीत घोडा एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा पाय उचलतो. थोरल्याने भोकासमोर मातीचा घोडा मांडला आणि त्याचे दोन्ही डावे पाय उचलले. खरा नमुना त्याने माळ्यावर, कुणाच्या नजरेस पडू न देता केला. कर आता चोरी, असं म्हणून तो गाढ झोपला.

निवडीला आलेल्या परीक्षक बाईंनी उभा जन्म घोडेस्वारी शिकवली होती. धाकट्याच्या झाकलेल्या नमुन्यापाशी थोरला त्यांना आडवा गेला.

"कापड काढण्याआधीच सांगतो. याच्या घोड्याचे दोन्ही डावे पाय वर असतील. ती चूक मी मुद्दाम पेरली होती, चोर पकडायला."

धाकटा खाली बघत होता. चोराच्या मनात चांदणं, थोरला सुखावला.

कापड निघालं. पाय बिनचूक होते.

बाईंनी मान डोलावली. मग त्या थोरल्याच्या नमुन्यापाशी गेल्या आणि कपाळाला आठी घालून त्याच्या मागच्या पायांकडे बघत राहिल्या.

धाकट्याने कापडाची घडी घातली आणि कित्येक वर्षांनी तो भावाशी बोलला.

"या वेळी मुद्दाम चुकला होतास होय, दादा? मला कसं कळणार? मी दर वेळी सुधारूनच घेतो."