आज कोण झालीस?

शिंपीण मऊ भाताची वाटी घेऊन वर आली, तर आईच्या पलंगावर बदक बसलं होतं.

"आई, उशीवरून उतर आधी. अभ्रा कालच धुतलाय."

बदकाने मान फिरवली. शिंपिणीने गळ्यातली टेप खिडकीला अडकवली आणि ती पलंगाच्या काठावर टेकली. खाली दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, पण घाई करून उपयोग नव्हता. आठवण विरत चालल्यापासून आईची रूपंही तिच्या हातातून निसटत. केव्हा काय होईल, तिचं तिलाच कळत नसे.

एके काळी ती ठरवून बदलायची. लेकीला ताप आला की अस्वल व्हायची आणि लेक त्या उबदार पोटाला बिलगून झोपायची. सकाळी ताप उतरलेला असे आणि आई अंगावरची लव झटकत चहा ठेवत असे. ही कला त्यांच्या घरात आईकडून लेकीकडे यायची. या लेकीपाशी येऊन थांबली. मांजर व्हायचं म्हणून ती डोळे घट्ट मिटून बसायची, आणि व्हायचं काय, तर सटासट शिंका.

"राहू दे गं," आई हसून म्हणायची. "तू आहेस तशीच बरी."

त्या 'बरी'ने तिला अजून कसंसंच व्हायचं.

बदक थरथरलं. पिसं विरली. आईच्या ढगळ गाऊनमध्ये आता पाच-सहा वर्षांची मुलगी बसली होती. हनुवटीवर आईचाच तीळ. हे रूप शिंपिणीने कधी पाहिलं नव्हतं.

"माझी आई कुठाय?" मुलीचा खालचा ओठ बाहेर आला.

"ही काय, इथेच."

"तू नाहीस. माझी आई अशी नाही दिसत." आणि तिने भोकाड पसरलं.

शिंपिणीने भात दाखवला, उचलून खिडकीतून रस्ता दाखवला, पाठ थोपटली. रडणं थांबेना. हुंदक्यांनी श्वास अडकायला लागला, तेव्हा ती मुलीच्या कानाशी वाकली.

"अगं, मीच आहे. रूप बदललंय मी आज."

रडणं एकदम थांबलं. गाऊनच्या बाहीने नाक पुसत मुलीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पिकलेले केस ओढून पाहिले. सुईने खरबरीत झालेली बोटं उलटीपालटी करून पाहिली.

"मस्त जमलंय," ती म्हणाली. "नाक तेवढं जरा मोठं झालंय."

आणि तिने घासासाठी आ केला.