पुढचा भाग आपोआप

"आता जाहिराती नाहीत, आई. वाट बघणं नाही. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो."

"आपोआप?" आईने विचारलं. "मग उद्यासाठी काय उरणार?"

केबलवाला खुर्चीवर चढून भिंतीवरची काळी वायर सोडवत होता. तो हसला. "घ्या! मावशींना कळलं, ताई, तुम्हाला नाही कळलं. केबल म्हणजे बस. ती तिच्या वेळेला येणार, आपण थांब्यावर उभं राहायचं. तुमचं हे इंटरनेटवरचं नवीन म्हणजे दारातली गाडी."

"मग दारातली गाडी वाईट का?"

"वाईट कशाला? पण बसमध्ये चार ओळखीची माणसं भेटतात." त्याने बॉक्स काखोटीला मारला आणि जिना उतरून गेला.

लेकीने दोन्ही बाजू नीट पारखल्या होत्या. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती काम करायची. पारखल्याशिवाय तिला चैन पडत नसे. केबलवर निम्मा वेळ जाहिराती. जरा वारा सुटला की चित्र गोठायचं. शिवाय आईला हल्ली वार आठवत नसत, सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, आणि रिमोटवरची बटणं म्हणजे तिला मुंग्यांची रांग वाटायची. इथे बटण दाबायची गरजच नव्हती. आईची आवडती मालिका अगदी पहिल्या भागापासून हजर होती.

विचार करण्यासारखी एकच गोष्ट होती. जाण्याआधी बाबांनी आईला एक सवय लावून दिली होती. संध्याकाळी मालिकेचं शीर्षकगीत लागलं की शुगरची गोळी घ्यायची. बाकी बरंच पुसलं गेलं, ती सवय टिकली. सूर कानावर पडला की आईचा हात टीव्हीशेजारच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे जायचा. मग ती खिडकीशी जाऊन बसायची, कारण मालिका संपता संपता लेक कामावरून घरी यायची.

लेकीने याचाही विचार केला. गाणं तर तेच राहणार होतं. मग बिघडणार काय?

ती स्वतः फोनवर मालिका बघायची तेव्हा शीर्षकगीत ओलांडूनच पुढे जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तिने मालिका लावून दिली. "आता दिवसभर एकटं वाटायचं नाही तुला." आईने पडद्याकडे बघतच मान हलवली.

दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. ती पोचली तेव्हा आईला दवाखान्यात हलवलं होतं.

डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट तिच्यापुढे धरलं. ते रिकामं होतं. "या गोळ्या रोज किती देता?"

"एकच. संध्याकाळी."

"आज यांनी हाताला लागतील तेवढ्या घेतल्या आहेत. साखर पार खाली गेली आहे."

"मी दार ढकललं तर तुझी आई खिडकीपाशी जमिनीवर," काकू सांगत होत्या. "आणि टीव्हीवर ते गाणं. मेलं थांबेचना! एक भाग संपला की परत तेच, परत तेच."

लेक आईच्या खाटेशी जाऊन बसली. काय झालं ते तिला कळलं. कळून करण्यासारखं मात्र काही नव्हतं. सलाईनचे थेंब पडत होते, ते बघत राहायचं.

बऱ्याच वेळाने आईने डोळे उघडले. लेक तिच्यावर वाकली. "आई, चुकलं गं माझं."

आईने तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रुसवा होता, लहान मुलासारखा.

"किती दिवस लावलेस गं यायला?" ती म्हणाली. "मी रोज गोळी घेऊन खिडकीत बसत होते. एकाही संध्याकाळी आली नाहीस."