जास्तीची रेघ

तक्त्यावरच्या चौथ्या आकृतीशी जेसिंता थबकली. खाली सलोनीच्या वळणदार अक्षरात ‘ट्री’ असं लिहिलं होतं. पण उजव्या कोपऱ्यात तीन बिंदू एकमेकांना जोडले जाऊन त्रिकोण झाला होता. बिंदू-रेघांच्या ज्या ग्राफमध्ये एकच रेघ दोनदा न गिरवता फिरून पुन्हा त्याच बिंदूवर येता येतं, तो ट्री नव्हेच. एक रेघ जास्तीची पडली होती.

शुक्रवारी कॉलेज सुटलं होतं. गणित विभागात दुसरं कोणी नव्हतं. सोमवारी तपासणी समिती येणार होती आणि तिच्यासमोर ग्राफचे प्रकार शिकवायला प्राचार्यांनी सलोनीला निवडलं होतं. मालवणच्या या कॉलेजात जेसिंताची बावीस वर्षं गेली होती. सलोनी तिचीच विद्यार्थिनी, नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली. तरी शंका विचारायला मुलं आता सलोनीच्या टेबलाभोवती जमायची. जेसिंता मान खाली घालून पेपर तपासायची आणि त्यांचं हसणं ऐकत राहायची.

तिने तक्ता पुन्हा गुंडाळून ठेवला. कुणाला काही बोलली नाही.

सोमवारी ती मागच्या बाकावर बसली. सलोनी छान शिकवत होती. बाणांचा ग्राफ म्हणजे एकेरी रस्ता, बिनबाणांचा म्हणजे जाऊन येण्याचा. मुलं भराभर उत्तरं देत होती. मग समितीतल्या वयस्कर प्राध्यापकांनी चौथ्या आकृतीवर बोट ठेवलं. सलोनीचा चेहरा उतरला. चूक माझीच, असं ती हळू आवाजात म्हणाली. जेसिंताला दोन वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

तासानंतर तिने सलोनीला गाठलं आणि आकृती कुठून उतरवली ते विचारलं. सलोनी सांगेना. जेसिंताने फारच लावून धरलं, तेव्हा तिने पिशवीतून कॉलेजात शिकतानाची आपली जुनी वही काढली. पिवळ्या पडलेल्या पानावर तीच आकृती होती, लाल शाईत. शेजारचं अक्षर जेसिंताचं होतं.

“मगे समितीसमोर कित्याक सांगूक नाय?”

“तुमी समोर बसललास, मॅडम,” सलोनी म्हणाली. “कसां सांगतलंय?”

प्राचार्यांच्या खोलीत समिती चहा घेत होती. जेसिंता आत गेली आणि वही टेबलावर उघडून ठेवली.

“ही आकृती माझी आहे,” ती म्हणाली. “आणि ती चुकली आहे, हे मला शुक्रवारपासून माहीत होतं.”