ब्रिटाची सीट

अमेरिकेतल्या डुलुथमध्ये हिवाळाभर चालवलेली गाडी आतून साफ करायला मला अख्खा दिवस लागतो. कर्स्टन हाउगेनच्या गाडीतून तर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते चटयांमध्ये मुरलेलं मीठ निघालं, आंबलेलं दूध निघालं, बिस्किटांचा चुरा निघाला. संध्याकाळी ती न्यायला आली, मागचं दार उघडलं आणि भडकलीच.

“ब्रिटाची बेबी सीट कुठंय?”

“डिकीत आहे, मॅडम. धुऊन वाळवून ठेवलीय.”

“डिकीत? अहो, मी आत्ता तिलाच आणायला निघालेय पाळणाघरातून!”

मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. बेबी सीट आम्ही काढतो, परत बसवत नाही. ती ज्याची त्याने बसवायची.

“दोन हुक अडकवायला हात झिजतात का तुमचे? माझ्या नवऱ्याने पाच मिनिटांत बसवली होती. आठ महिने झाले! दर शनिवारी सासूकडे दोनशे मैल जाऊन येतो आम्ही, काही झालं का?”

मी डिकी उघडली.

“हुक सोडवायला म्हणून मी हात घातला, मॅडम. पण पुढची सीट जरा सरकवली आणि ही आपसूक हातात आली. नुसती रेटून बसवलेली होती.”

“काहीतरीच काय!” म्हणत तिने ती सीट हिसकावून उलटी केली.

पाठीमागच्या खाचेत दोन्ही हुक होते. कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, अजून सीलबंद.