पाहुण्यांचा माठ

बाळापूरकडच्या खारपाणपट्ट्यात पार्बताबाई एकटी राहायची, पण तिच्या घरात माठ दोन होते. विहिरीच्या खाऱ्या पाण्याचा माठ तिचा, आणि टँकरमागं धावून मिळवलेल्या गोड्या पाण्याचा माठ पाहुण्यांचा. नवरा किडनीनं गेल्यापासून घरी पाहुणे येत नव्हते, पण हे माठाला कोणी सांगितलं नव्हतं. मध्यंतरी अकोल्याहून डॉक्टर आले. याच पट्ट्यातली माणसं किडनीनं जास्त का मरतात, हे त्यांना शोधायचं होतं. घरोघरचं पिण्याचं पाणी त्यांनी बाटल्यांत भरून तपासायला नेलं. आज गावची आशा सेविका गीतांजली निकाल सांगायला आली. "मावशी, आपल्या गावचं पानी एकदम गोड निघालं. आपल्याले येनारी पानी शुद्ध करायची मशीन गेली दुसऱ्या गावाले." "गोड निघनारच! दारी आलेल्या मानसाले मी खारं पानी देईन काय? पाहुन्याच्या माठातलं देलं त्याईले, काठोकाठ भरून." गीतांजली उंबऱ्यावर बसली. "मावशी, माया सासूनंबी तेच केलं. साऱ्या गावानं तेच केलं असन." पार्बताबाईनं तिच्या हाती गोड्या पाण्याचा गडू दिला आणि हळूच विचारलं, "मंग ते डॉक्टर आता पुन्हा येनार नाईत काय?" "कायले येतीन, मावशी?" गीतांजली गेल्यावर पार्बताबाईनं पाहुण्यांच्या माठावर नीट झाकण ठेवलं, आणि स्वतःला तहान लागली म्हणून दुसऱ्या माठात पेला बुडवला.